मुलांसाठीची ‘रोप वाढवा’ पेटी: रोपापर्यंत उत्तम, शेंगेपर्यंत अपुरी

घ्यावी का ही पेटी, असं सोबतचे शिक्षक आणि बरेच पालक मला विचारतात. माझं उत्तर आहे, घ्या. पण तिच्यातली बियांची पाकिटं बाजूला ठेवा, किराण्यातला अख्खा मूग पेरा, आणि रोपं दोन आठवड्यांची झाली की पेटीतल्या कोकोपीटमधून (नारळाच्या काथ्याच्या भुशातून) उचलून आपल्या काळ्या मातीत लावा. एवढं करायची तयारी असेल तर पेटीचे पैसे वसूल होतात. तयारी नसेल तर मुलांच्या हाती महिनाभरात पिवळी पडलेली रोपं आणि अर्धवट भरलेली नोंदवही उरते.

मी नागपुरात पूर्वेकडच्या भागात तिसरीच्या वर्गाला शिकवते. आमची खोली दुसऱ्या मजल्यावर, सकाळचं ऊन खिडकीतून थेट आत येणारी. परिसर अभ्यासात वनस्पतीचं जीवनचक्र येतं तेव्हा फळ्यावर बाण काढून ते शिकवायला माझा जीव होत नाही. आठ वर्षांच्या मुलाने एकदा तरी बी पेरून त्याच झाडाचं बी हातात घ्यावं, असं मला मनापासून वाटतं. त्याच हिशेबाने मी या पेटीकडे पाहिलं आहे. कंपनीचं नाव देत नाही, कारण याच वस्तू वेगवेगळ्या खोक्यांत, वेगवेगळ्या नावांनी ऑनलाइन मिळतात आणि माझं म्हणणं त्या सगळ्यांनाच लागू पडतं.

पेटीत दाबलेल्या कोकोपीटच्या चकत्या असतात, छोट्या कुंड्या, एक उभी पारदर्शक डबी, प्लास्टिकचं भिंग, मोजपट्टी, नोंदवही, जीवनचक्राचा रंगीत तक्ता आणि बियांची पाकिटं: टोमॅटो, बेसिल, झेंडू, काकडी आणि ‘बीन्स’. किंमत सातशे रुपयांच्या आत. मोठ्या वर्गाला एक पेटी पुरत नाही, पण गट पाडले तर दोनांत भागतं.

आधी त्या पारदर्शक डबीबद्दल, कारण पेटीतली सगळ्यांत मोलाची वस्तू तीच. डबी अरुंद आणि उभी आहे. बी काचेसारख्या भिंतीला टेकवून ठेवलं की मूळ कसं निघतं ते बाहेरून दिसतं. सोबत काळ्या कागदाचं वेष्टण येतं. मुळांना उजेड नको असतो, म्हणून एरवी डबी झाकून ठेवायची आणि पाहायच्या वेळेपुरतं वेष्टण काढायचं. भिजवलेल्या मुगाचं मूळ आपल्या हवेत दुसऱ्या दिवशीच बाहेर डोकावतं. माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांचा पक्का समज होता की बी फुटलं की आधी वर कोंब येतो. मूळ आधी येतं, हे त्यांनी या डबीत पाहिलं, आणि पुस्तकात वाचलेलं विसरेल पण हे कुणी विसरणार नाही.

याच डबीवर पेटीच्या माहितीपत्रकात नसलेला एक प्रयोग नक्की करा. मूळ बोटाच्या पेरभर वाढलं की डबी आडवी करून ठेवा. दुसऱ्या दिवशी मुळाचं टोक वळून पुन्हा जमिनीकडे निघालेलं असतं आणि कोंब वरच्या दिशेला. बी उलटं पेरलं तर झाड उलटं उगवेल का, हा मुलांचा दरवर्षीचा प्रश्न आहे. त्यासाठी मला वेगळं काही बोलावं लागलं नाही. भिंगही बरं आहे. मुळावरचे बारीक केस त्यातून स्वच्छ दिसतात आणि पाणी मुळाच्या नेमक्या कुठल्या भागातून शिरतं हे दाखवता येतं.

आता कोकोपीट. पाण्यात टाकल्यावर चकती फुगून वर येते तेव्हा वर्गात टाळ्या पडतात. बी रुजवायला कोकोपीट खरोखर चांगलं: हलकं, ओल धरणारं, हात फार न माखणारं. पण त्यात झाडाला खायला जवळजवळ काहीच नसतं. रोप पहिले दिवस जगतं ते बियात साठवलेल्या अन्नावर. मूग, चवळी यांच्या बाबतीत हे साठवण डोळ्यांना दिसतं. बियाच्या दोन जाड डाळिंब्या, म्हणजे बीजपत्रं, कोंबासोबत मातीच्या वर येतात, काही दिवसांत सुकतात आणि गळून पडतात. शिदोरी संपली की रोपाला मातीतून अन्न लागतं. कोकोपीटमध्ये ते नसल्यामुळे रोपं फिकी पडत जातात आणि वाढ थांबते. पेटीत खताची पुडी नाही, आणि रोप मातीत हलवा असं माहितीपत्रकात कुठेही लिहिलेलं नाही. माझ्या मते पेटीतली ही सगळ्यांत मोठी उणीव. रोपं सुकली की मुलं समजतात आपल्याच हातून काहीतरी चुकलं, आणि पाणी अजून ओतत राहतात.

आम्ही शाळेच्या मैदानाच्या कडेची काळी माती तेलाच्या रिकाम्या डब्यांत भरली. डब्यांना खालून भोकं पाडली आणि मातीत थोडी रेती व वाळलेलं शेणखत मिसळलं. नुसती काळी माती डब्यात भरू नका. आपली रेगूर ओली झाली की फुगते, चिकट होते, आणि वाळली की तडे पडतात. लहानशा डब्यात त्या तड्यांनी मुळं तुटतात. शेतात हीच माती कापसाला इतकी मानवते ती खोल असते आणि ओल धरून ठेवते म्हणून. मुलांनी उन्हाळ्यात गावी भेगाळलेली शेतं पाहिलेली असतात, त्यामुळे एवढं सांगितलं की पुढचं ती स्वतःच सांगतात. आपल्या शहरात अमरावती रोडवर राष्ट्रीय मृदा सर्वेक्षणाचं मुख्यालय आहे. देशाच्या मातीचे नकाशे तिथे तयार होतात हे सांगितल्यावर वर्गात मातीचा मान एकदम वाढला.

मातीत हलवलेल्या मुगाचं एक रोप महिनाभराने मुद्दाम उपटून पाहा. मुळांवर बारीक गाठी दिसतात. ताजी गाठ नखाने फोडली तर आत गुलाबी रंग असतो. हवेतला नत्र झाडाला वापरता येईल असा करून देणारे जिवाणू त्या गाठींत राहतात. कोकोपीटमध्येच ठेवलेल्या रोपांना आमच्याकडे गाठी आल्या नाहीत, कारण ते जिवाणू मातीत असतात. दोन्ही रोपं कागदावर शेजारी ठेवली, आणि पेटीचा हा दोषच त्या दिवशी धडा झाला.

पेटीतल्या बिया मी का बाजूला ठेवते ते सांगते. विदर्भातल्या शाळा जून संपता संपता उघडतात, मध्ये पोळा, गणपती, नवरात्र, मग दिवाळीची सुट्टी. बी ते बी हा प्रवास या अवधीत बसला पाहिजे. टोमॅटोला लाल फळ धरायला साडेतीन-चार महिने लागतात आणि ऐन वेळी शाळा बंद असते. त्यात पाकिटावर संकरित वाण असं छापलेलं. त्या टोमॅटोचं बी पुन्हा पेरलं तर झाडं आईसारखी येतीलच असं नाही. हे सांगताना माझ्या वर्गातला सावनेरकडचा एक मुलगा लगेच म्हणाला, ‘‘मॅडम, म्हणूनच आमचे आबाजी पऱ्हाटीचं पाकीट दरसाल नवं आणते.’’ बरोबर आहे. पऱ्हाटी म्हणजे कापूस. आपल्याकडचा बीटी कापूस जवळपास सगळा संकरित, त्यामुळे घरची सरकी पेरून भागत नाही. तिसरीच्या मुलाने हे स्वतःहून जोडलं याचा मला फार आनंद झाला. पण पेटीच्या पाकिटावर याबद्दल अवाक्षर नाही.

काकडीची अडचण वेगळी. काकडीच्या वेलावर नर फुलं वेगळी आणि मादी फुलं वेगळी. मादी फुलाच्या मागे इवलीशी काकडी आधीच असते, म्हणून ओळखायला सोपं. नराचा पराग मादीपर्यंत मधमाशीने न्यावा लागतो. दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत मधमाशी क्वचितच येते. फुलं येतात, गळतात, फळ धरत नाही. मऊ कुंचल्याने हाताने पराग नेऊन लावता येतो आणि मुलांना ते फार आवडतं, पण पेटीत ना कुंचला, ना त्याची सूचना. कुणाला हे परागीभवन नीट दाखवायचं असेल तर अंगणात लाल भोपळा किंवा गिलकी लावा. दोन्हींची फुलं सकाळी उमलतात, शाळेच्या वेळेत सापडतात. दोडका लावू नका. त्याचं फूल संध्याकाळी उमलतं, तोवर मुलं घरी गेलेली असतात.

मूग या सगळ्यातून सुटतो. त्याचं फूल स्वतःच्याच परागाने फळतं, त्यामुळे खिडकीतसुद्धा शेंगा लागतात. पेरल्यापासून साधारण 35 ते 40 दिवसांत पिवळी फुलं आणि 60 ते 70 दिवसांत शेंगा पक्व. जुलैच्या सुरुवातीला पेरला तर पोळ्याच्या आगेमागे, फार तर गणपतीच्या दिवसांत शेंगा तोडायला येतात. पानांतही शिकण्यासारखं आहे. पहिली जोडी साध्या पानांची असते, त्यानंतरचं प्रत्येक पान तीन पर्णिकांचं. पानं बदलली हे माझ्याआधी मुलांच्या लक्षात आलं. पावसाळ्यात काही रोपांच्या पानांवर पिवळे ठिपके पसरतात. तो पिवळा मोझॅक नावाचा विषाणूरोग आहे, पांढऱ्या माशीमुळे पसरतो. असं रोप उपटून दूर टाकायचं, शेजारच्या डब्यापाशी ठेवायचं नाही.

मूग कुठून घ्यायचा हे महत्त्वाचं आहे, म्हणून जरा थांबून सांगते. इतवारीतल्या किंवा आपल्या गल्लीतल्या किराणा दुकानातून खायचा अख्खा मूग घ्या. शेतीच्या बियाण्यांच्या दुकानातून पेरणीचं बियाणं मुलांसाठी आणू नका. त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं. गुलाबी, निळा किंवा हिरवा रंग असतो तो त्यासाठीच, आणि ते विषारी असतं. लहान मुलं बी तोंडात घालतात, हात न धुता डबा खातात. पेटीतली ‘बीन्स’ची बी गडद गुलाबी होती आणि तिच्यावर कसलं औषध लावलं आहे याचा उल्लेख पाकिटावर नव्हता. पाकिटाचा फोटो पाठवून मी विक्रेत्याला विचारलं, आणि उत्तर एवढंच आलं की बिया उत्तम प्रतीच्या आहेत. सहा वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी म्हणून जी वस्तू विकली जाते, तिच्यावर ही माहिती ठळक अक्षरांत असायलाच हवी. या एका मुद्द्यावर मी कुठलीही सूट द्यायला तयार नाही.

किराण्यातल्या बियांनी अजून एक गंमत होते. अख्खा मूग, मुगाची डाळ, तांदूळ, मोहरी, मेथी, धने आणि शेंगदाणे असं सगळं भिजवून ओल्या फडक्यावर ठेवा. डाळ फुटत नाही, कारण डाळ करताना बी दुभंगतं आणि अंकुराचा भाग निघून जातो. तांदूळही फुटत नाही, धान फुटतं. भाजलेली फल्ली, म्हणजे शेंगदाणा, फुटत नाही, कच्ची फुटते. धन्याचा एक दाणा म्हणजे खरं तर दोन बियांचं फळ, म्हणून सांभार (कोथिंबीर) पेरायच्या आधी आपल्या घरी आजी धने चपलेने किंवा लाटण्याने हलके रगडते. त्या रगडण्यामागचं कारण वर्गात सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी अर्ध्या मुलांनी घरून रगडलेले धने आणले. हे सामान पेटीत नाही, पण पेटीतल्या चकत्या आणि भिंग त्यासाठी छान वापरता येतात.

पेटीच्या नोंदवहीबद्दल माझी तक्रार आहे. तिच्यात रोजची उंची लिहायला एक रकाना आहे, बस. आम्ही एक कुंडी खिडकीत ठेवली आणि एक कपाटात बंद केली. आठवड्याने कपाटातलं रोप जास्त उंच निघालं. नोंदवहीच्या हिशेबाने अंधारातलं झाड चांगलं वाढलं! अंधारात कोंब उजेडाच्या शोधात लांबत जातो, खोड बारीक राहतं, पानं लहान आणि पिवळट. मुलांनी ते लगेच ओळखलं: ‘‘मॅडम, हे घटासारखं झालं.’’ घटस्थापनेला देवघरात रुजवलेलं धान्य असंच पिवळसर आणि लांबसडक येतं, तिथे ऊन पोचत नाही म्हणून. त्यानंतर नोंदवहीत आम्ही हाताने रकाने आखले: पानं किती, रंग कसा, खोड जाड की बारीक, आणि आज नवीन काय दिसलं. नुसती उंची मोजणारी नोंदवही मुलांना चुकीच्या निष्कर्षाकडे नेते. पुढच्या आवृत्तीत कंपनीने एवढं तरी बदलावं.

तक्त्याचंही तसंच. छपाई सुरेख आहे, रंग प्रसन्न आहेत. बी, कोंब, रोप, झाड, फूल असे टप्पे आणि शेवटी सफरचंदांनी लगडलेलं झाड. तिथे बाण थांबतो. फळ पिकणं नाही, बी सुटणं नाही, बी दूर जाणं नाही, आणि झाड वाळणं तर मुळीच नाही. मग याला चक्र कशासाठी म्हणायचं? आम्ही त्यावर कागद चिकटवून मुगाची वाळलेली शेंग आणि तिच्यातून पडलेले दाणे काढले. रुईची म्हातारी, आघाड्याची कपड्याला चिकटणारी बी आणि पक्ष्यांनी खाऊन टाकलेली वडाची फळं मुलांनी आपणहून भोवती जोडली. सफरचंदाच्या झाडापेक्षा या तिन्ही गोष्टी आमच्या मैदानाच्या भिंतीशीच होत्या.

झाड वाळण्याचा प्रश्न वर्गात आलाच. शेंगा काळ्या पडू लागल्या तशी मुगाची पानं पिवळी होऊन गळायला लागली आणि काही मुलं हिरमुसली. पाणी वाढवू का, खत घालू का, असं विचारत होती. मौद्याकडून नातीकडे आलेल्या एका आजींना मी वर्गात बोलावलं. त्यांनी मुलांना सांगितलं, ‘‘पाणी नका देऊ आता. त्याचं काम झालं हाये. शेंग काळी होऊ द्या, मग तोडा, नाहीतर बी कच्चं राह्यते.’’ मूग एका हंगामाचा, बी धरलं की मरतो. आंबा आणि कडुनिंब वर्षानुवर्षं जगतात. हा फरक आजींनी त्यांच्या पद्धतीने इतका स्वच्छ सांगितला की मी मध्ये पडले नाही. एका दाण्यापासून किती दाणे आले हे प्रत्येक गटाने मोजलं. कुणाच्या झाडाला एकच शेंग, कुणाच्या झाडाला भरपूर. ते सारखे का नाहीत, यावर पूर्ण तास गेला.

हिवाळ्यात पेटी पुन्हा काढायची असेल तर तिच्यात हरभरा आणि संत्रं. हरभऱ्याची डाळिंबी मातीखालीच राहते, वर येत नाही, त्यामुळे मुगाशी तुलना करता येते. दिवाळीच्या सुट्टीनंतर पेरला तरी परीक्षेच्या आधी घाटे भरतात, आणि पानाला बोट लावून चाखलं की आंबट लागतं ते मुलांना फार आवडतं.

संत्र्याचा प्रयोग मात्र नागपुरात राहून न करणं म्हणजे हातची संधी घालवणं. आंबिया बहाराची संत्री नोव्हेंबर-डिसेंबरात बाजारात येतात. खाऊन झाल्याबरोबर बी धुऊन ओलंच पेरायचं, वाळलं की रुजायची ताकद जाते. तीन-चार आठवडे धीर धरावा लागतो. आणि मग एका बियातून दोन, कधी तीन कोंब येतात. ‘‘मॅडम, माह्या एकाच बियातून दोन झाडं निंगाले!’’ असा ओरडा झाला तेव्हा शेजारच्या वर्गातून मुलं पाहायला आली. नागपुरी संत्र्याच्या बियात एकाहून अधिक भ्रूण असतात. त्यांतला एक परागीभवनातून तयार होतो, बाकीचे आईच्याच पेशींपासून. त्यामुळे ती रोपं हुबेहूब आईच्या जातीची निघतात. तरीही काटोल, नरखेड, कळमेश्वरचे बागायतदार बियाचं झाड लावत नाहीत. जंबेरी या लिंबाच्या जातीच्या रोपावर संत्र्याचा डोळा भरून कलम करतात, कारण बियाच्या झाडाला फळ धरायला जास्त वर्षं लागतात आणि जंबेरीच्या मुळांचा फायदाही मिळतो. प्रत्येक झाड बियातूनच येतं असं पेटीचा तक्ता सांगतो. ऊस कांडीतून, बटाटा डोळ्यातून, केळ मुनव्यातून, पानफुटी पानातून येते, हे त्याच्या शेजारी मांडलं नाही तर मुलांचं चित्र अर्धंच राहतं.

शेवटी हिशेब. डबी, भिंग आणि काळं वेष्टण यासाठी पेटीला पूर्ण गुण. चकत्यांना अर्धे, कारण त्या पहिल्या दोन आठवड्यांपुरत्याच. बियांना शून्य, औषधाची माहिती छापेपर्यंत. तक्ता आणि नोंदवही हाताने दुरुस्त करून वापरण्याजोगी. घरी एकच मूल असेल आणि खर्च टाळायचा असेल तर काचेचा पेला, शाईशोष कागद आणि ओल्या कापसात मूग ठेवला तरी मूळ दिसतं, त्याला पेटीची गरज नाही. वर्गासाठी घेणार असाल तर जूनमध्येच मागवा. एप्रिल-मेमध्ये सुरू करू नका. आपल्या उन्हात कोकोपीट दुपारपर्यंत कोरडं पडतं आणि शनिवार-रविवारी पाणी घालायला शाळेत कुणी नसतं.